चाकाची रुंदी आणि ऑफसेट

वर्धेहून बल्लारपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तहसिलीत, माजरी हे जंक्शन आहे. येथून एक फाटा वणीवरून आदिलाबादकडे वळतो. आणि वर्धा नदीच्या खोऱ्यातील ज्या कोळशाच्या थरांनी या मुलखाचे जीवन घडविले, त्या थरांवरील उघड्या खाणी याच परिसरात दूरवर पसरलेल्या आहेत. १९७५ साली स्थापन झालेल्या वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीच्या कारभारात ‘माजरी क्षेत्र’ हा एक स्वतंत्र विभाग असून, त्यातील खाणींचा कोळसा सायडिंगपर्यंत आणि तेथून पुढे कारखान्यांपर्यंत वाहून नेणारे टिप्पर या भागातील रस्त्यांवर नित्य दिसतात. या टिप्परच्या चाकांकडे जो जिज्ञासू क्षणभर लक्षपूर्वक पाहील, त्याला एक गोष्ट तात्काळ आढळेल: पुढच्या चाकाची पोलादी तबकडी बाहेर फुगलेली असते, तर मागच्या जोडचाकांपैकी बाहेरच्या चाकाची तबकडी खोल आत गेलेली असते. वस्तुतः ही दोन्ही चाके एकच आहेत. एक सुलट बसविलेले आहे आणि दुसरे उलट, एवढाच त्यांच्यातील भेद होय.

ही व्यवस्था मोठ्या विचाराने केलेली आहे. १०.००-२० मापाचा टायर साडेसात इंच रुंदीच्या रिमवर चढविला जातो, आणि त्या रिमची मध्यरेषा व चाक ज्या पृष्ठभागाने हबला टेकते तो पृष्ठभाग यांच्यामध्ये दीडशे मिलिमीटरांहून अधिक अंतर ठेवलेले असते. या अंतरालाच ऑफसेट म्हणतात. मागच्या आसावर अशी दोन चाके पाठीला पाठ लावून कसली, म्हणजे एकाची मध्यरेषा हबच्या आत आणि दुसऱ्याची तितकीच बाहेर जाते, आणि दोन टायरांच्या मध्ये आवश्यक तेवढी फट आपोआप राहते. ही फट कमी असेल तर भार पडल्यावर फुगलेल्या टायरांच्या कडा एकमेकींवर घासून तापतील. ती अधिक असेल तर गाडीची रुंदी आणि आसावरील ताण विनाकारण वाढेल. तात्पर्य, टिप्परच्या चाकाचा ऑफसेट कोणाच्या आवडीनिवडीवर ठरलेला नसून, टायरची रुंदी आणि फटीची गरज यांचा हिशेब केल्यानंतर जो आकडा उरला, तोच तेथे नमूद झालेला आहे.

हेच तत्त्व कोळशाच्या गाडीपासून अत्यंत दूर भासणाऱ्या एका वाहनाला, म्हणजे ‘वाइडबॉडी’ केलेल्या स्पोर्ट्स कारला, जसेच्या तसे लागू पडते. आणि त्या बाबतीत ते वारंवार विसरले जाते, म्हणून हा लेखनप्रपंच. ज्या मोटारीचे मडगार्ड मूळ रुंदीपेक्षा पुष्कळ बाहेर काढून त्यांखाली रुंद चाके बसविलेली असतात, तिला वाइडबॉडी म्हणण्याचा प्रघात आहे. तिचा उगम शर्यतीच्या गरजेतून झाला. १९७३ सालच्या पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ या गाडीत पुढे ६ इंचांची आणि मागे ७ इंचांची चाके होती, आणि त्या मागच्या चाकांसाठी मागील मडगार्ड किंचित फुगविलेले होते. १९७५ सालापासून विकल्या गेलेल्या ९११ टर्बोत ही मापे ७ आणि ८ इंचांवर गेली आणि तिचा रुंद पार्श्वभाग हीच तिची ओळख बनली. पुढे जपानात लिबर्टी वॉकचे वातारू कातो आणि ‘आरडब्ल्यूबी’चे अकिरा नाकाई यांनी तयार मोटारींना रुंद मडगार्ड जोडण्याच्या कलेला जगभर प्रसिद्धी मिळवून दिली, आणि अमेरिकेत डॉज कंपनीने २०१८ सालच्या चॅलेंजर हेलकॅटमध्ये कारखान्यातूनच साडेतीन इंच अधिक रुंदी, ११ इंची चाके आणि ३०५ मिलिमीटरांचे टायर देऊन या प्रकाराला अधिकृत मान्यता दिली. आज महाराष्ट्रातील वाहनप्रेमी तरुणांनाही या रूपाची ओढ वाटते. ओढ वाटण्यात गैर काही नाही. परंतु त्या रूपामागचा हिशेब माहीत असणे अगत्याचे आहे.

प्रथम चाकावर कोरलेल्या खुणा वाचण्यास शिकले पाहिजे. ‘८जे × १८, ईटी ४५’ असे लिहिलेले असेल, तर त्यातील ८ हा आकडा रिमची रुंदी इंचांत सांगतो. आणि ती रुंदी टायरच्या कडा जेथे बसतात त्या दोन बैठकांमधील असते, रिमच्या बाहेरच्या काठांमधील नव्हे. काठ धरून प्रत्यक्ष माप घेतले तर ते सुमारे एक इंचाने अधिक भरते, आणि जुने चाक फीतपट्टीने मोजून नवे मागविणारा पुष्कळदा याच ठिकाणी फसतो. ‘जे’ हे अक्षर काठाच्या आकाराचे द्योतक आहे, १८ हा इंचांतील व्यास आहे, आणि ‘ईटी’ म्हणजे ऑफसेट; ‘ईटी ४५’ असेल तर चाकाची बैठक, म्हणजे हबला टेकणारा पृष्ठभाग, त्याच्या मध्यरेषेपासून ४५ मिलिमीटर बाहेरच्या बाजूला असते. हा आकडा धन असेल तर चाक गाडीच्या आत ओढलेले असते, शून्य असेल तर मध्यरेषा बैठकीवरच येते, आणि ऋण असेल तर चाकाचा बराचसा भाग हबच्या बाहेर झुकतो. आकडा जितका लहान, तितके चाक बाहेर. एवढे सूत्र ध्यानात ठेवले म्हणजे पुष्कळसा घोटाळा टळतो. याखेरीज बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी, आणि मधल्या छिद्राचे माप हे दोन तपशील जुळावेच लागतात. त्यांत तडजोडीला वाव नसतो.

आता गणित. चाकाच्या रुंदीच्या निम्म्यात ऑफसेट मिळविला, की बैठकीपासून आतली कड किती दूर आहे ते कळते. आणि निम्म्यातून ऑफसेट वजा केला, की बाहेरची कड किती दूर आहे ते कळते. मूळ चाक ८ इंचांचे, म्हणजे सुमारे २०३ मिलिमीटरांचे आणि ईटी ४५ असेल, तर त्याची आतली कड १४६.६ आणि बाहेरची कड ५६.६ मिलिमीटरांवर येते. त्याच्या जागी १० इंचांचे, म्हणजे २५४ मिलिमीटरांचे आणि ईटी २५ असलेले चाक योजिले, तर आतली कड १५२ आणि बाहेरची १०२ मिलिमीटरांवर जाते. म्हणजे चाक आत सव्वापाच मिलिमीटरांहून थोडे अधिक आणि बाहेर पंचेचाळीस मिलिमीटरांहून थोडे अधिक सरकले. एवढा हिशेब कागदाच्या तुकड्यावर पाच मिनिटांत होतो, आणि तो न करता चाकांवर लाखो रुपये खर्च करणे हे शहाणपणाचे नाही.

परंतु जागा अडविणारी वस्तू रिम नसून टायर आहे, हे लक्षात घेतल्यावाचून हा हिशेब पुरा होत नाही. टायरच्या बाजूला लिहिलेली रुंदी ठराविक मापाच्या रिमवर घेतलेली असते, आणि रिम अर्ध्या इंचाने रुंद झाला की टायरचा पोटभाग सुमारे ५ मिलिमीटरांनी रुंदावतो. वरील उदाहरणातील जुन्या ८ इंची चाकावर २४५/४० आर १८ हा टायर असेल, तर त्याची प्रत्यक्ष रुंदी साधारण २४३ मिलिमीटर भरते. आणि नव्या १० इंची चाकावर २७५/३५ आर १८ हा टायर चढविला, तर ती साधारण २८३ भरते. आता तोच हिशेब टायर धरून मांडला, तर बैठकीपासून आतली बाजू दोन्ही वेळा १६६.५ मिलिमीटरांवरच येते, आणि बाहेरची बाजू ७६.५ वरून ११६.५ वर जाते. म्हणजे रिमची कड आत सरकली असली, तरी टायरने आतली एक सूतभरही अधिक जागा घेतली नाही, आणि वाढलेली सर्व ४० मिलिमीटर रुंदी बाहेरच्या बाजूला गेली. मडगार्ड किती रुंद हवेत याचे उत्तर यातूनच मिळते. टायर निवडला, त्याला अनुरूप रिम घेतला, आतली जागा राखली. यानंतर बाहेर जे उरले, तेवढीच मडगार्डची रुंदी न्याय्य ठरते.

म्हणून निवडीचा आरंभ नेहमी टायरपासून करावा. प्रत्येक टायरला रिमच्या रुंदीची एक मान्य मर्यादा असते: २४५/४० आर १८ साठी ती ८ ते साडेनऊ इंच आहे, तर नेहमीच्या प्रवासी मोटारींच्या २०५/५५ आर १६ साठी साडेपाच ते साडेसात इंच. या मर्यादेच्या बाहेर जाऊन अरुंद टायर रुंद रिमवर ताणून बसविण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, तिचा मी स्पष्ट शब्दांत निषेध करतो. ताणलेल्या टायरची कड रिमच्या बैठकीवर पुरेशा जोराने दाबून बसत नाही, वळणावर हवा निसटण्याचा धोका उत्पन्न होतो, आणि रिमचा काठ टायरच्या पोटामागे झाकला न गेल्यामुळे पहिल्याच खड्ड्यात तो वाकतो. टायर आणि रिम यांचा मेळ जमल्यावर व्यासाचा हिशेब करावा. वरील दोन टायरांपैकी पहिल्याचा एकूण व्यास ६५३ मिलिमीटर आणि दुसऱ्याचा ६५० मिलिमीटरांच्या आसपास आहे. हा फरक नगण्य असल्याने वेगदर्शक यंत्र आणि ब्रेक जखडू न देणारी यंत्रणा यांना बाध येत नाही. हा फरक शेकडा तीनच्या पुढे जाऊ देऊ नये, असा सामान्य संकेत आहे.

मोटारीचा निर्माता स्वतः हा मेळ कसा साधतो, याचे निस्सान जीटी-आर ही गाडी उत्तम उदाहरण आहे. २०१६ साली भारतात दाखल झालेल्या या मोटारीला पुढे साडेनऊ इंची, ईटी ४५ ची आणि मागे साडेदहा इंची, ईटी २५ ची चाके आहेत. मागचे चाक पुढच्याहून एक इंचाने रुंद असूनही, वरील सूत्राने पाहिल्यास त्याची आतली कड बैठकीपासून सुमारे १५८ मिलिमीटरांवर, आणि पुढच्या अरुंद चाकाची मात्र सुमारे १६६ मिलिमीटरांवर येते. पुढच्या चाकाला स्टेअरिंगसाठी वळावे लागते, म्हणून त्याचा मध्य वळणाच्या आसाजवळ ठेवण्यास निर्मात्याने प्राधान्य दिले. मागे तो निर्बंध नाही, म्हणून रुंदी बाहेर जाऊ दिली. जो माणूस चारही चाकांना एकच ऑफसेट मागतो, त्याने हा दाखला विचारात घ्यावा.

पुढच्या चाकाविषयी निर्माता इतका दक्ष का असतो, हे समजावून घेणे आवश्यक आहे. ज्या कल्पित रेषेभोवती चाक डावीउजवीकडे वळते ती रेषा खाली वाढविली, तर ती जमिनीला एका बिंदूत मिळते; आणि टायर जमिनीला जेथे टेकतो त्याचा मध्यबिंदू या बिंदूपासून जितका दूर, तितकी चाकावर येणाऱ्या प्रत्येक धक्क्याला स्टेअरिंग फिरविण्याची ताकद अधिक. या अंतराला स्क्रब त्रिज्या म्हणतात. १९७२ सालच्या ऑडी ८० मोटारीत हा टायरचा मध्य मुद्दाम त्या बिंदूच्या आत ठेवलेला होता, आणि त्यामुळे एका बाजूचा ब्रेक कमी लागला तरी चाके आपोआप विरुद्ध दिशेस किंचित वळून गाडी सरळ राखण्यास साहाय्य करीत. आता आपल्या उदाहरणात ऑफसेट ४५ वरून २५ वर आला, म्हणजे टायरचा मध्य नेमका २० मिलिमीटरांनी बाहेर गेला. आणि कोणी केवळ दिसण्यासाठी तो शून्यावर आणला, तर ४५ मिलिमीटरांनी जाईल. अशा गाडीचे स्टेअरिंग रस्त्यावरील प्रत्येक चरीमागे धावते, ब्रेक लावताना हातातून हिसडते, आणि जेथे दोन बाजूंच्या रस्त्याची पकड सारखी नाही तेथे चालकाला धोका देते. निर्मात्याने वर्षानुवर्षे प्रयोग करून ठरविलेली ही मोजणी एका दिवसात मोडीत काढण्यापूर्वी शंभरदा विचार करावा.

दुसरा परिणाम बेअरिंगवर होतो. एका चाकावर ४०० किलोग्रॅम भार आहे असे धरले आणि त्या भाराची रेषा २० मिलिमीटरांनी बाहेर सरकली, तर हबच्या बेअरिंगला वाकविणारा जोर ८ किलोग्रॅम-मीटरांनी वाढतो. आणि खड्ड्यात चाक आपटले की भार क्षणभर कितीतरी पटींनी वाढत असल्याने हा जोरही त्याच प्रमाणात वाढतो. तिसरा परिणाम स्प्रिंगवर होतो. चाक बाहेर गेले म्हणजे सस्पेन्शनचा दांडा लांबल्यासारखे होते, आणि चाकाच्या ठिकाणी जाणवणारी स्प्रिंगची ताठरता त्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. म्हणजे दांडा शेकडा पाचने लांबला तर ताठरता जवळजवळ शेकडा दहाने कमी होते, आणि ज्या गाडीला अधिक घट्ट करण्याचा उद्देश होता, ती उलट अधिक मऊ होऊन बसते. दोन्ही चाके दूर गेल्याने वळणावर आतल्या चाकावरून बाहेरच्या चाकाकडे जाणारा भार कमी होतो हे खरे. परंतु १५०० मिलिमीटरांचे अंतर १५४० झाले, तर हा लाभ शेकडा अडीचच्या आसपासच असतो. गाडीची पकड प्रामुख्याने रुंद टायरने वाढते, चाक बाहेर काढल्याने नव्हे. ज्या वाइडबॉडीत मडगार्डखालील जागा टायरने भरलेली आहे, तिच्यात अर्थ आहे. जिच्यात मूळचाच टायर केवळ बाहेर ढकललेला आहे, तिच्यात सर्व तोटे आहेत आणि लाभ नाममात्र आहे.

हिशेब कागदावर झाल्यानंतर प्रत्यक्ष मोजणीला पर्याय नाही, आणि तिचा क्रमही ठरलेला आहे. प्रथम गाडीची उंची आणि चाकांचा तिरकेपणा, म्हणजे कँबर, ज्या मापांवर कायम ठेवायचा आहे त्या मापांवर आणून ठेवावा. कारण सस्पेन्शन नंतर बदलले तर आधीची सर्व मापे रद्दबातल होतात. मग चाक काढून, हबच्या बैठकीवर सरळ पट्टी धरून, आतल्या बाजूला शॉकअब्सॉर्बर, स्प्रिंग, खालचा दांडा आणि स्टेअरिंगचा दांडा यांपर्यंतची अंतरे घ्यावीत. बाहेरचे माप गाडी चाकांवर उभी असताना, मडगार्डच्या ओठावरून ओळंबा सोडून घ्यावे. जॅकवर उचललेल्या गाडीचे चाक खाली लोंबते आणि तेथील अंतर खोटे असते. नंतर स्प्रिंग काढून हब जॅकने वरपर्यंत चढवावा, आणि त्या अवस्थेत स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून कोठे काय अडते ते पाहावे. जेथे डोळ्यांना दिसत नाही, तेथे मऊ मातीचे गोळे चिकटवून चाक फिरविले, तर दबलेल्या मातीची जाडी हीच उरलेली जागा होय. धावताना टायर बाजूला लवतो, म्हणून आत निदान ५ ते ६ मिलिमीटर मोकळी जागा राहिलीच पाहिजे, आणि मडगार्डच्या ओठाजवळ त्याहून अधिक.

कँबरविषयी एक बारकावा सांगितला पाहिजे. चाकाचा माथा आत झुकविला, की प्रत्येक अंशामागे टायरच्या माथ्याशी साडेपाच ते सहा मिलिमीटरांचा फरक पडतो. हा झुकाव शॉकअब्सॉर्बरच्या खालच्या बोल्टांजवळ दिला, तर टायर शॉकअब्सॉर्बरच्या जवळ येतो आणि आतली जागा घटते. तोच झुकाव वरच्या बैठकीतून दिला, तर शॉकअब्सॉर्बर आणि चाक दोन्ही एकत्र झुकतात आणि त्यांच्यातील अंतर कायम राहते. तसेच ब्रेकच्या कॅलिपरला चाकाचे आरे लागतील किंवा नाही, याचे उत्तर ऑफसेटमध्ये नसते. ते आऱ्यांच्या वळणावर अवलंबून असते. एकाच रुंदीच्या आणि एकाच ऑफसेटच्या दोन चाकांपैकी एक कॅलिपरवरून सहज फिरते आणि दुसरे अडते, हे अनेकदा घडते. यासाठी ब्रेकच्या निर्मात्याकडून मिळणारा कागदी साचा कापून तो चाकात फिरवून पाहावा.

चाकाचा ऑफसेट चुकला म्हणजे बैठकीच्या मध्ये स्पेसरची चकती घालून तो दुरुस्त करण्याची प्रवृत्ती दिसते. स्पेसर ही स्वतःहून निषिद्ध वस्तू नाही. परंतु ती हबच्या मधल्या कड्यावर अचूक बसली पाहिजे, आणि तिच्या जाडीइतके बोल्ट लांब केले पाहिजेत. नट बोल्टावर निदान बोल्टाच्या जाडीइतक्या लांबीपर्यंत चढला पाहिजे, हा किमान नियम आहे. १२ मिलिमीटरांच्या बोल्टावर दीड मिलिमीटरांचे आटे असतील, तर आठ पूर्ण फेरे. नटाची बैठक शंक्वाकार आहे की गोलाकार, हेही चाकाशी जुळावे लागते. मधले छिद्र हबपेक्षा मोठे असेल तर त्यात योग्य मापाचे कडे बसवावे, म्हणजे चाक मध्यावर बसते आणि थरथर राहत नाही. नट कसण्याचा जोर मोटारीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. तो मोजणाऱ्या पान्यानेच कसावा, आणि थोडे अंतर धावल्यानंतर पुन्हा तपासावा.

चाकाच्या धातूचाही विचार करावा लागतो. ओतीव अलॉय स्वस्त असतो, पण तेवढ्याच बळासाठी जाड करावा लागतो. घडीव अलॉय हलका आणि चिवट असतो, पण महाग. चाक, टायर आणि ब्रेक यांचे वजन स्प्रिंगच्या खाली असते, आणि हे वजन जितके अधिक, तितके चाक रस्त्याच्या चढउतारांवर टेकून राहण्यास असमर्थ ठरते. म्हणून रुंदी वाढविताना वजन किती वाढले ते अवश्य विचारावे. भारतात प्रवासी मोटारींच्या चाकांसाठी ‘आयएस ९४३६’ हे मानक आहे, आणि जपानी चाकांवर ‘जेडब्ल्यूएल’ व ‘व्हीआयए’ या चाचणीच्या खुणा असतात. प्रत्येक चाकाची भारक्षमता ठरलेली असते. ती आपल्या गाडीच्या आसावरील भाराच्या निम्म्याहून कमी असता कामा नये. ज्या चाकावर यांपैकी कशाचीच नोंद नाही, ते दिसण्यात कितीही देखणे असले तरी परत करावे.

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत राहणाऱ्याने आणखी दोन गोष्टींचा हिशेब धरावा. कोळशाच्या आणि खनिजाच्या जड वाहतुकीने येथील पुष्कळ रस्त्यांवर चाकांच्या चरी पडतात, आणि पावसाळ्यात खालची काळी माती फुगून डांबर खचते. अशा रस्त्यावर वरील २७५/३५ मापाचा, म्हणजे रिम आणि जमीन यांच्यामध्ये जेमतेम ९६ मिलिमीटर उंची असलेला टायर खड्ड्याचा आघात थेट रिमकडे पोहोचवितो. आणि कमी ऑफसेटचे रुंद चाक त्या चरींत ओढले जाऊन स्टेअरिंग अस्थिर करते. दुसरी गोष्ट उष्णतेची. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि तापमानाच्या दर १० अंशांमागे टायरमधील हवेचा दाब दीड ते दोन पौंडांनी वाढतो. म्हणून दाब सकाळी, टायर थंड असताना भरावा, आणि घासणाऱ्या मडगार्डखाली तापलेला टायर ही वस्तू येथे विशेष भयावह आहे, हे विसरू नये.

कायद्याचा भागही टाळता येणार नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणी-पुस्तकातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करण्याची मालकाला मुभा नाही. आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हीच भूमिका दृढ केली. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीनुसार, विनापरवाना प्रत्येक फेरफारासाठी पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही शिक्षा होऊ शकतात. मडगार्ड रुंद करून गाडीची रुंदी बदलणे हा सार्वजनिक रस्त्याच्या दृष्टीने किरकोळ मामला नव्हे. अपघात झाल्यास विम्याचा दावाही याच मुद्द्यावर अडू शकतो. मात्र शर्यतीच्या बंदिस्त मार्गांवर, जसे चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई किंवा कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे येथे, स्पर्धेच्या नियमांच्या हद्दीत अशा गाडीला तिचे योग्य क्षेत्र मिळते, आणि रुंद टायरची पकड तेथेच खऱ्या अर्थाने कसास लागते. रस्त्यावर चालविण्याच्या गाडीविषयी, काहीही विकत घेण्यापूर्वी, आपल्या परिवहन कार्यालयाकडून लेखी खुलासा घ्यावा.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात सांगता येतो. आधी टायर ठरवावा. मग त्याला मान्य असलेली रिमची रुंदी. मग आतल्या बाजूला सुरक्षित अंतर राखून मिळणारा सर्वांत मोठा ऑफसेट, म्हणजे चाकाचा मध्य मूळ जागेपासून कमीत कमी हलेल. आणि सर्वांत शेवटी, बाहेर जे उरले ते झाकण्यापुरती मडगार्डची रुंदी. पुष्कळजण नेमके उलट्या क्रमाने जातात: प्रथम मडगार्ड खरेदी करतात, त्यांची कड भरून काढण्यासाठी ऑफसेट निवडतात, आणि टायर अखेरीस जो मिळेल तो बसवितात. त्या मार्गाने गेलेल्या गाडीचे दर्शन सुंदर असेल, परंतु तिचे वर्तन सुंदर असण्याची शाश्वती नाही. कोळसा वाहणाऱ्या टिप्परचे चाक ज्याने आखले, त्याने गरजेचा हिशेब आधी आणि आकृती नंतर, हा क्रम पाळला. म्हणूनच ते चाक पुढे आणि मागे, सुलट आणि उलट, दोन्हीकडे बिनचूक काम देते. ज्यांना आपली मोटार प्रिय आहे, त्यांनी चाक मागविण्यापूर्वी फूटपट्टी, ओळंबा आणि कागद घेऊन हा हिशेब एकदा स्वतः मांडावा, आणि मगच पैसे मोजावेत.